बिजली पहिलवान आणि आमची आखाजी

धुळ्याच्या बाजारात डांगरांचे ढीग दिसू लागले की मला आधी आनंद होतो आणि लगेच नकोसं वाटतं. डांगर म्हणजे आमच्या खानदेशातलं ते पिवळट, रेघारेघांचं खरबूज. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि तिच्या तोंडावर हे डांगर ठेवतात. चैत्र सरत आला की रस्त्याकडेला गोणपाटावर ती रचलेली असतात. त्यांचा गोड, जरासा कुजका वास उन्हात असा दाटतो की स्कूटरवरून जाणाऱ्यालाही तो चुकवता येत नाही. शाळेच्या परीक्षा संपलेल्या असतात, पेपर तपासून डोळे चुरचुरत असतात आणि मन केव्हाच माहेरी पोचलेलं असतं.

याच सुमाराला माझ्या धाकट्या भावाकडून, किशोरकडून, मोबाइलवर एक व्हिडिओ येतो. दरवर्षी तोच. जुना, बटणाच्या फोनवर काढलेला, धूळ जास्त आणि माणसं कमी दिसणारा. पण आवाज स्वच्छ आहे. ढोल थांबतो, छातीवर तीन थापा पडतात, एक खरखरीत गळा आमच्या अहिराणीत विचारतो, "कोन शे?" आणि सगळं गाव एका दमात ओरडतं, "बिजली!" त्या ओरडण्यात माझाही आवाज आहे. मी तो व्हिडिओ बघत नाही आणि पुसूनही टाकत नाही. माझे यजमान म्हणतात, एक तर बघ, नाहीतर पूस. सोपं आहे त्यांना. ते विदर्भातले.

आमचं गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गावची जत्रा भरते आणि जत्रेत कुस्त्या होतात. दुपारपासून खऱ्या कुस्त्या चालायच्या. मालेगावकडचे, बऱ्हाणपूरकडचे पहिलवान यायचे, मातीत घाम गाळायचे, इनाम घेऊन जायचे. पण माणसं चिकटून बसायची ती शेवटच्या कुस्तीसाठी, आणि शेवटची कुस्ती खोटी असायची. आधी ठरवून, एकमेकांना सांभाळून लढलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. खऱ्या पहिलवानांना नुरा म्हटलं की शिवी दिल्यासारखं वाटतं. आमच्या गावाला मात्र नुराच प्यारी होती. उगाच कोण जिंकेल म्हणून छातीत धडधड नको, डोळे भरून तमाशा बघावा आणि हसत घरी जावं, असा सगळा रसिक कारभार होता.

नुरा लढायचा आमच्याच गावचा सुपडू. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्यावर त्याला सुपात घालून ओवाळलं होतं, तेच नाव पडलं. एरवी केळीच्या बागेत घड उतरवायला जायचा, कुणाशी नजर वर करून बोलायचा नाही. पण जत्रेच्या दिवशी पाठीवर चंदेरी टिकल्यांचं लाल कापड बांधून, खांद्यावर केळीचा अख्खा घड घेऊन तो मैदानात यायचा तेव्हा तो सुपडू नसायचाच. तो बिजली असायचा. चालता चालता केळी सोलून खायचा, सालं समोरच्याच्या पायाखाली टाकायचा. पडला की मेल्याचं सोंग करायचा आणि सगळे श्वास रोखून बसले की पायाचा एकच अंगठा हलवायचा. त्या अंगठ्यासाठी लोक साक्री-शिरपूरकडून येत.

त्याच्या समोर असायचा काला चित्ता. हा चोपड्याचा यासीनभाई, वेल्डिंगचं दुकान चालवणारा. अंगाला काजळी फासायचा आणि बायकांकडे बघून डरकाळी फोडायचा. दोघं वर्षभर तालुक्यातल्या जत्रांमधून एकमेकांचे वैरी म्हणून फिरायचे, आणि कुस्ती संपली की एकाच गाडीवर बसून भज्यांच्या दुकानी जायचे.

आम्ही बायका-पोरी धाब्यावरून बघायचो. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दुपारभर तापलेलं असायचं, बसल्या जागी तळवे भाजायचे, तरी कुणी उठायचं नाही. माहेरवाशिणी आलेल्या, कडुलिंबाला झोके बांधलेले, हातापायांना मेंदी, पोटात पुरणपोळी आणि आमरस. बिजली मैदानात आला की गावाच्या पुढाऱ्यांना नमस्कार करायच्या आधी मान वर करून धाब्यांकडे हात जोडायचा. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही पुरुषाने जत्रेत आधी बायकांना नमस्कार केल्याचं मला आठवत नाही. त्या एका नमस्कारावर आम्ही फिदा होतो, यात लपवण्यासारखं काय आहे? किशोर तर त्याचे डाव करून बघताना शेजारच्यांची बाज मोडून बसला होता. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याच बाजेच्या पट्टीने त्याला झोडपलं.

सुपडूचं लग्न झालं ते सावद्याच्या मुलीशी. शोभा तिचं नाव. पण आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात, म्हणून ती साऱ्या गावाची सावदेवाली झाली. उंच, सावळी, बोलणं त्या पूर्वेकडच्या हेलाचं. आम्ही तिची भाषा ऐकून हसायचो, ती आमची ऐकून हसायची. त्या लाल कापडाच्या टिकल्या मग तीच शिवू लागली. दर जत्रेला काही गळायच्या, दर चैत्रात ती ओट्यावर बसून नव्या लावायची. येणारे-जाणारे तिला चिडवायचे, "काय वं सावदेवाली, औंदा बिजली किती व्होल्टनी?" ती सुई दाताखाली धरून हसायची. मुलगी झाली, सोनल. सुपडू तिला खांद्यावर बसवून केळीचा घड मिरवावा तसा गावातून मिरवायचा.

मग काही वर्षांनी बिजली बदलला. बदलला असं आज म्हणते. तेव्हा आम्ही म्हणायचो, रंगात आला. कुस्ती चालू असताना मध्येच थांबायचा आणि कुणीच नसलेल्या बाजूला बघून बोलायचा, "तू गप बस. तुले मी मंग दखस," म्हणजे तुला नंतर बघतो. लोकांना वाटलं, नवीन खेळ काढला. शिट्ट्या पडल्या. एकदा तो मैदानाच्या कडेने हळूहळू फिरला, प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघत, आणि म्हणाला, "तुम्हनामझारना कोनी तरी माले मारनार शे," म्हणजे तुमच्यातलाच कुणीतरी मला मारणार आहे. त्यावर एवढा हशा झाला की आमच्या धाब्यावर एका म्हातारीला ठसका लागला. मैदानाबाहेरही तो तसंच बोलू लागला तेव्हा भगताने अंगारा दिला, कुणी दर्ग्यावर नेलं, कुणी मिरच्या ओवाळून जाळल्या. बागेत कामाला जाणं त्याने सोडलं. केळीच्या पानांत माणसं उभी असतात, म्हणायचा.

यासीनभाईला आधी कळलं. तो मला नंतर सांगायचा, "अक्का, उस दिन उसने सच में मारा. मैंने कान में बोला, सुपडू, हलका ले. सुना ही नहीं उसने." त्याची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. त्या वर्षी त्याने पंचांना सांगितलं, चहाच्या दुकानावर सांगितलं, ज्याला त्याला बोटं दाखवली. लोक म्हणाले, वा रे चित्ता, हरला म्हणून रडतोस काय. नुरा लढणाऱ्याला खरंच लागलं हे कुणाला पटवायचं?

घरातूनही आवाज यायचे. भांडी पडल्याचे, तिच्या ओरडण्याचे. गल्लीत बसलेली माणसं माना वर करायची, एकमेकांकडे बघायची आणि कुणीतरी म्हणायचं, "नुरा शे रे, नुरा. व्हऊ दे." आणि हसायची. त्या गल्लीतली माणसं दुष्ट नव्हती. बाळंतिणीला रात्री बैलगाडीतून तालुक्याला नेणारी, कुणाच्या घरी चूल पेटली नाही तर भाकरी पोचवणारी माणसं. पण बिजलीचं भांडण म्हणजे ठरवलेलं भांडण, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एक शब्द माणसाला किती बहिरं करू शकतो ते मी तिथे पाहिलं.

आखाजी तोंडावर आली होती. मी सुट्टी लागली म्हणून माहेरी लवकर आले होते. सोनल तेव्हा बालवाडीत, आजीकडे सावद्याला गेलेली होती, एवढं देवाने राखलं. भर दुपारची वेळ. घरोघरी कूलर घरघरत होते आणि दारं लावलेली होती. सुपडूच्या घरातून आवाज आला आणि बंद झाला. नेहमीसारखाच, म्हणून कुणी उठलं नाही. थोड्या वेळाने तो ओट्यावर आला आणि जिंकल्यावर उभा राहायचा तसा एक हात वर करून उभा राहिला. आणि समोरच्या लिंबाखाली बसलेल्यांपैकी कुणीतरी, सवयीने, शिट्टी वाजवली.

आत शोभा होती. गळ्याला पकड घातली होती त्याने. डॉक्टरांपुढे, पोलिसांपुढे तो एकच सांगत राहिला की तिच्या आत दुसरा माणूस शिरला होता, मी त्याला धरलं. ती शिट्टी कुणी वाजवली ते आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही. त्या लिंबाखाली बसणारे सगळे आता वेगवेगळ्या ठिकाणी बसतात.

त्यानंतर गावाचं काय झालं हे सांगणं अवघड आहे. माणूस मेला तर रडता येतं. इथे मेली सावदेवाली, आणि लोकांना रडू येत होतं बिजलीसाठी. मलाही आलं. मी आधी त्याच्यासाठी रडले आणि मग कुणाच्या तरी लक्षात येईल म्हणून तिच्यासाठी. हे लिहायची लाज वाटते, पण होतं ते असं होतं. जिच्याशी मी ओट्यावर बसून हसले होते तिच्यापेक्षा मैदानातला तो चंदेरी टिकल्यांचा माणूस मला जवळचा वाटत होता.

रमणच्या सलूनमध्ये बिजलीचा फोटो होता, आरशाच्या वर. रमणने तो उलटा करून टांगला. मग गिऱ्हाईकं म्हणाली, उलटा फोटो बरा दिसत नाही, काढून टाक. दुसरी म्हणाली, काढायचा कशाला, आजारी माणूस तो. रमणने त्यावर केळीच्या खताच्या कंपनीचं कॅलेंडर लावलं. वर्ष संपलं की कॅलेंडर बदलतं, आणि दर वर्षी त्या दोन मिनिटांत दाढीचा साबण लावलेली माणसं फोटोच्या पाठीकडे बघत बसतात. पोरांनी मोबाइलवरची बिजलीच्या आरोळीची रिंगटोन बदलली आणि मग हळूच परत तीच लावली. लग्नात कुणी दारू पिऊन छातीवर तीन थापा मारल्या तर अर्धा मांडव ओरडायला तोंड उघडतो आणि तसाच मिटतो.

कोर्टात ठरलं की तो भानावर नव्हता. तुरुंगाऐवजी त्याला मनोरुग्णालयात ठेवलं. निकाल आला तेव्हा गावाने एक वाक्य पकडलं आणि वर्षानुवर्षं तेच चघळलं: "येडा व्हता बिचारा." मला या वाक्याचा राग आहे. माझ्याच शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई आहेत, तशाच आजाराच्या गोळ्या घेतात. सकाळी सगळ्यांच्या आधी येतात, मुलं त्यांच्यावर जीव टाकतात, त्यांनी कधी कुणावर खडूसुद्धा फेकला नाही. तेव्हा वेडा होता म्हणून मारलं, एवढ्यावर भागत नाही. बरं, तो दुष्टच होता असं म्हणावं, तर मी त्याला केळीच्या पानांना घाबरून रडताना पाहिलेलं आहे. आणि आजारी पडायच्या आधीही एकदा त्याने शोभाला चारचौघांत थोबाडीत मारली होती, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. तेव्हा त्याच्या कानात कुणी बोलत नव्हतं. तेव्हा तो आमच्यासारखाच शहाणा होता. आजार कुठे सुरू झाला आणि गावाने दिलेली मुभा कुठे संपली, हे मला आजवर वेगळं करता आलेलं नाही.

आता या वर्षीचं सांगते. गेल्या पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी त्याला घरी सोडायला हरकत नाही म्हणून सांगितलं. दोंडाईच्याला त्याचा थोरला भाऊ राहतो, त्याने हमी घेतली. ही बातमी आमच्या गावात आली आणि जत्रेच्या कमिटीला उधाण आलं. आबा गेल्यापासून कमिटी किशोरच्या गळ्यात आहे. मी माहेरी पोचले, अजून पिशवीही खाली ठेवली नव्हती, तर तो सुरू झाला, "अक्का, आम्ही त्याले बलावसूत. कुस्ती नही. फक्त खुर्ची, शाल, नारळ. मानूस बरा हुईसन उना. तो आजारी व्हता, अक्का. आजारी मानूसले कितला दिन शिक्षा देवानी?"

"आनि तिले?" मी विचारलं.

त्याने माझ्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली. वाईट नाही माझा भाऊ. पण त्याच्या लहानपणाचा सगळा उजेड त्या एका माणसाकडे होता, आणि तो उजेड त्याला परत हवा होता, एक शाल-नारळ देऊन. मला काय नको होता? म्हणून तर मी त्याच्याबरोबर गाडीत बसले.

दोंडाईच्याला भावाच्या अंगणात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. नाकाला झिणझिण्या येत होत्या. सुपडू सावलीत बसून मिरच्यांची देठं खुडत होता. अंग सुटलेलं, केस पांढरे, गोळ्यांमुळे हात सारखे थरथरणारे. एकेक देठ तोडायला त्याला वेळ लागत होता, पण तो सोडत नव्हता. मला त्या हातांची दया आली आणि त्याच हातांची भीती वाटली, दोन्ही एकदमच. किशोरचे डोळे भरून आले. त्याला काय सुचलं कोण जाणे, उभ्या उभ्या छातीवर तीन थापा मारून त्याने विचारलं, "कोन शे?"

सुपडूने वर पाहिलं. "सुपडू शे भो," तो म्हणाला. "नुसता सुपडू."

किशोरने शालीचं, खुर्चीचं सगळं सांगितलं. सुपडू ऐकत होता की नाही कळेना. मग म्हणाला, "टाळ्या नका वाजाडू मनाकरता. टाळ्यास्मा तो बोलस. दवाईखाल तो दबेल शे, पन टाळ्या पडन्यात का उठी बसस." त्याच्या भावजयीने पाण्याचे पेले आणले. आम्ही पाणी प्यायलो. टाळ्यांशिवाय फक्त नारळ देऊ, किशोर म्हणाला, लोकांना आधी सांगून ठेवू. सुपडूने मान हलवली आणि म्हणाला, "सोनलले इचारा. ती म्हनी ते यीसू. ती नही म्हनी ते माले परत इचारू नका."

निघताना तो मला म्हणाला, "अक्का, तुम्ही धाबावर बसेत ना?" मी हो म्हटलं. त्यापुढे मला त्याच्याकडे बघवलं नाही.

सावद्याला जाईपर्यंत किशोर गाडीत बोलतच होता. पोरीचा बाप आहे शेवटी, तिलाही वाटत असेल, रक्ताची ओढ वगैरे. मी खिडकीतून केळीचे मळे बघत होते. सोनल आता कॉलेजात आहे. आजीजवळ वाढली, मामांनी शिकवली. आजी दारातच भेटली आणि आम्ही कोण ते कळल्यावर तिने आत या म्हणायला जरा वेळ घेतला. घरात आखाजीची लगबग होती, तळणीचा वास होता. सोनल पदवीच्या शेवटच्या वर्षाला. आईसारखीच उंच. 

किशोरने सांगायला सुरुवात केली आणि नेहमीसारखा वाहवत गेला. तुझे वडील म्हणजे काय होते, अंगठा कसा हलवायचे, सालं कशी टाकायचे, साक्री-शिरपूरकडून लोक कसे यायचे. सोनल शांतपणे ऐकत होती. त्याचं संपल्यावर म्हणाली, "हे सगळं मला पाठ आहे, काका. तुमच्या गावचं जे कोणी भेटतं ते मला बाबांची कुस्ती सांगतं. एस.टी.तही सांगतात. माझ्या आईचं कधी कुणी काही सांगितलं नाही. तुम्हाला तिचं एखादं आठवतं का? एक सांगा. मग मी काय ते सांगते."

किशोरने तोंड उघडलं. टिकल्या शिवायची, असं काहीतरी म्हणाला, आणि ते पुन्हा बिजलीच्याच कापडावर जाऊन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मला एक गोष्ट आठवत होती. ती मी किशोरलाही कधी सांगितली नव्हती, कारण त्यात आबा होते, आणि आबांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. पण समोर ती मुलगी बसली होती. मी सांगितली.

शोभा गेली त्याच्या आदल्या आठवड्यात ती आमच्या घरी आली होती. आमची माय आणि मी सांजोऱ्या लाटत होतो. शोभाने पदराने हात झाकले होते. खाली बसली, लाटणं घेतलं, दोन सांजोऱ्या लाटल्या आणि मग मायला म्हणाली, "काकू, त्याईले जळगावले न्यायचं हाये. डोक्याच्या डॉक्टरकडे. मी चौकशी करून आली. आबाले सांगा, औंदा कुस्तीत त्याईचं नाव नका घेऊ. लोकं टाळ्या वाजवतात न काकू, मंग ते घरी येऊन झोपत नाहीत." साऱ्या गावात तिला एकटीला ते कळलं होतं. भगताकडे नाही, दर्ग्यावर नाही, डॉक्टरकडे, असं ती म्हणाली होती. आबा ओसरीत बसले होते, त्यांनी ऐकलं. त्यांनी तिला रागावलं नाही, उलट मायेने म्हणाले, "इतली आखाजी व्हऊ दे बेटा. पत्रकं वाटाई गयात. मंग मी सोता गाडी देस." आमच्याकडे सगळंच आखाजीनंतर असतं. सालदार, म्हणजे वर्षाने ठेवलेला गडी, आखाजीला बदलतो, बोलणी आखाजीनंतर होतात, दुखणीसुद्धा आखाजीनंतर दाखवतात. त्यामुळे कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. शोभा बरं म्हणाली. मायने सोनलसाठी सांजोऱ्या बांधून दिल्या, त्या घेऊन ती गेली.

मी बोलायची थांबले तेव्हा किशोरची मान खाली होती. आजी आतल्या दाराला टेकून उभी होती. तळणीत काहीतरी करपत होतं आणि कुणी उठत नव्हतं.

सोनलने विचारलं, "आणि आई गेल्यावर? त्या वर्षी कुस्त्या झाल्या?"

हे किशोरला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मीच बोलले. "झाल्या," मी म्हटलं. "बाहेरच्या पहिलवानांना सुपारी दिलेली होती. बोलावून झालं होतं."

"तुम्ही बघितल्या?"

"धाब्यावरून," मी म्हटलं.

तिने स्वतःच्या मेंदी लावलेल्या तळहाताकडे पाहिलं. मी वाट बघत होते की ती रडेल, किंवा आम्हाला निघा म्हणेल. तिने आवाजही चढवला नाही. "माझी बाबांना ना नाही," ती म्हणाली. "ते आजारी आहेत, त्यांना मी जाऊन भेटते, गोळ्या घेतात की नाही बघते. त्यांना खुर्ची द्या, देऊ नका, तुमचं तुम्ही बघा. पण तेव्हा तिने एका वर्षाची कुस्ती मागितली होती. ती अजून दिलेली नाही तुम्ही. या वर्षी द्या."

किशोर म्हणाला, "म्हणजे?"

"म्हणजे लावू नका कुस्त्या."

आजीने आत जाऊन गॅस बंद केला. आम्ही उठलो. किशोरने सोनलला नमस्कार करावा तसे हात जोडले आणि ते कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

यंदा आमच्या गावात आखाजीच्या जत्रेत कुस्त्या झाल्या नाहीत, आणि सुपडूची खुर्चीही मांडली नाही. पत्रकं वाटून झाली होती, सुपारी दिलेली होती. किशोरने माइकवरून शोभाचं नाव घेऊन कारण सांगितलं, आबांचं नावही लपवलं नाही. अर्धे लोक चिडले. म्हणाले, मेलेल्या माणसासाठी गावाचा आनंद कशाला मारता. कोणी म्हणालं, पोरगी शिकली म्हणून शेफारली. आमच्या घराण्याला अजून शिव्या बसताहेत, आणि माझ्या भावाशी त्याचे जुने दोस्त बोलत नाहीत. धाबी दुपारभर मोकळी तापत पडली होती. तेवढी एक दुपार तिला मिळाली, फार उशिरा, आणि तीही मागून घ्यावी लागली.